चोवीस मशीन आणि दोन पेनड्राइव्ह: सर्व्हर-नेटवर्कवरचे वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत एक गोष्ट सारखी दिसत होती. सगळ्यांना सर्व्हर आपोआप उभे करायचेत, अ‍ॅन्सिबल, टेराफॉर्म, कुबरनेटीस ही असल्या कामाच्या सॉफ्टवेअरची नावं पाठ आहेत, पण गाडी अडते ती त्याच्या खालच्या पायरीवर, म्हणजे हा आयपी (मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता) आला कुठून, गेटवे (नेटवर्कमधून बाहेर जायचं दार) कशाला लागतो, पॅकेट (डेटाचा तुकडा) मध्येच कुठे गायब झालं. म्हणून दोन्ही विषयांची पत्रं एकत्रच घेतली. माझं मत आधीच सांगून टाकते, ऑटोमेशन म्हणजे आपल्याला हाताने जे नीट जमतं ते लिहून ठेवणं, आणि जे हाताने जमतच नाही ते लिहून चालवलं तर चूक एका मशीनवर न थांबता सगळ्या मशीनवर एकदम होते. खालच्या बहुतेक पत्रांत तेच झालंय.

प्रश्न: नमस्कार मॅडम, मी एका इंजिनीअरिंग कॉलेजात लॅब असिस्टंट आहे. लॅबमध्ये २४ पीसी आहेत, आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम. दर सेमिस्टरला उबुंटू नव्याने टाकायला लागतं, माझ्याकडे पेनड्राइव्ह दोन, त्यामुळे शनिवार रविवार दोन्ही जातात. आता सर म्हणतात याच मशीनचा क्लस्टर करून पोरांना कुबरनेटीस शिकवायचंय. हे सगळं आपोआप होईल असं काही आहे का? फुकटातलं सांगा, बजेट नाही.
– एक वाचक, सांगली

उत्तर: आहे, आणि सॉफ्टवेअरला एक रुपया लागत नाही. साधे पीसी जोडून क्लस्टर, म्हणजे एकत्र काम करणारा संच, करायची कल्पना तशी जुनी आहे, १९९४ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी १६ मशीन इथरनेटने जोडून बेवुल्फ नावाचा क्लस्टर उभा केला होता, म्हणजे तुमच्याकडे त्यांच्यापेक्षा आठ मशीन जास्तच आहेत.

तुम्हाला पाहिजे ती गोष्ट म्हणजे पीएक्सई, बोलताना लोक पिक्सी म्हणतात. मशीन सुरू करताना नेटवर्कवरून बूट हो असं सांगितलं की डिस्कवर काही नसलं तरी नेटवर्क कार्ड स्वतः जागं होतं. त्याच्याकडे पत्ता नसतो, म्हणून ते अख्ख्या नेटवर्कवर हाक मारतं, कोणी मला पत्ता देता का. डीएचसीपी सर्व्हर ती हाक ऐकतो आणि पत्ता देतो, आणि त्याच उत्तरात आणखी दोन गोष्टी सांगतो, बूटची फाइल कुठल्या सर्व्हरवर आहे आणि तिचं नाव काय. कार्ड ती फाइल टीएफटीपी नावाच्या साध्या पद्धतीने ओढतं, मग लिनक्सचा कर्नल (गाभा) येतो, मग इन्स्टॉलर सुरू होतो. आता इन्स्टॉलर जे विचारतो, भाषा कोणती, डिस्क कशी कापू, युजर कोण, ते तुम्ही आजवर २४ वेळा टाइप करत आलात, तीच उत्तरं एका फाइलमध्ये लिहून ठेवायची. उबुंटू सर्व्हरमध्ये २०.०४ पासून याला ऑटोइन्स्टॉल म्हणतात, रेड हॅटच्या घराण्यात किकस्टार्ट, डेबियनमध्ये प्रीसीड. नावं तीन, काम एकच.

उभारणी अशी करा. एक जुनं मशीन मुख्य म्हणून बाजूला काढा, त्याला दोन नेटवर्क कार्डं पाहिजेत, एक कॉलेजच्या नेटवर्कला आणि दुसरं फक्त लॅबच्या स्विचला. त्यावर डीएनएसमास्क टाका, तो एकटा डीएचसीपी, डीएनएस (नावावरून पत्ता सांगणं) आणि टीएफटीपी तिन्ही सांभाळतो, आणि आयएसओ (इन्स्टॉलची मोठी फाइल) वाटायला एखादा साधा वेब सर्व्हर. लॅबचं स्विच वेगळं ठेवा किंवा वेगळा व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचवर वेगळं नेटवर्क, करून घ्या, ही एक सूचना कृपा करून टाळू नका. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी टेस्टसाठी लावलेला डीएचसीपी सर्व्हर माझ्या हातून ऑफिसच्या नेटवर्कला लागला होता, आणि बहुतेक मशीन जी ऑफर आधी येईल ती घेतात, त्यामुळे दुपारपर्यंत अर्ध्या मजल्याला माझ्या टेस्ट नेटवर्कचे पत्ते गेले, प्रिंटर बंद, टॅली बंद, आणि कारण कळायला तीन तास लागले. त्या दिवशी पगाराची कामं चालू होती. तेव्हापासून असला सर्व्हर सुरू करायच्या आधी मी केबल बोटाने शेवटपर्यंत बघत जाते, कुठून निघाली आणि कुठे गेली.

पहिल्या दिवशी इन्स्टॉल काहीच करू नका, फक्त वही घ्या. २४ मशीनचे मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर), कोणतं मशीन कुठल्या टेबलावर, त्याचं नाव, त्याचा आयपी. हीच यादी डीएनएसमास्कच्या फाइलमध्ये जाते, म्हणजे प्रत्येक मशीनला कायम तोच पत्ता मिळतो, आणि तेच नाव कॅबिनेटवर स्टिकर लावून चिकटवा. हे काम कंटाळवाणं आहे खरं, पण क्लस्टरमधल्या प्रत्येक मशीनला नोड म्हणतात, आणि पुढे "नोड १७ उत्तर देत नाही" असं स्क्रीनवर आलं की उठून सरळ त्या टेबलाकडे जाता येतं.

वेळेचं गणित आधीच करून ठेवा. उबुंटू सर्व्हरची आयएसओ अडीच जीबी धरली तर २४ मशीनची ६० जीबी झाली. मुख्य मशीनचं कार्ड एक गिगाबिटचं असेल तर प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास जातात, म्हणजे सगळी मशीन एकदम सुरू केली तरी नुसतं ओढून घ्यायला साधारण नऊ मिनिटं. पण मधे कुठे जुनं १०० मेगाबिटचं स्विच राहिलं असेल तर याच कामाला दीड तास. टीएफटीपीने फक्त छोटी बूट फाइल द्या आणि बाकी सगळं एचटीटीपीने, कारण टीएफटीपी मुळात ५१२ बाइटचा एक तुकडा पाठवतो आणि पोचपावती आली की मगच पुढचा.

आणखी एक, बायोसमध्ये बूटचा क्रम डिस्क आधी असाच ठेवा, नेटवर्क बूट फक्त पाहिजे त्या दिवशी, कळ दाबून. नेटवर्क कायमचं पहिलं ठेवलं आणि ऑटोइन्स्टॉल चालू राहिलं तर प्रॅक्टिकलच्या दिवशी लाइट गेली आणि आली की चोवीसच्या चोवीस मशीन स्वतःला पुसून पहिल्यापासून इन्स्टॉल व्हायला लागतील.

इथपर्यंत मशीन नुसती उभी राहिली. पुढचं काम अ‍ॅन्सिबलचं, म्हणजे एका जागेवरून सगळ्या मशीनची सेटिंग करणाऱ्या सॉफ्टवेअरचं, मायकल डीहान यांनी २०१२ मध्ये सुरू केलेलं, २०१५ पासून रेड हॅटकडे आहे. मला ते कॉलेजच्या लॅबसाठी आवडतं कारण नोडवर वेगळा एजंट (कायम चालणारा मदतनीस प्रोग्रॅम) बसवावा लागत नाही, एसएसएच (लांबून लॉगिन करायची सोय) आणि पायथन असलं की झालं, आणि तुमची एसएसएचची पब्लिक की (तुमची ओळख पटवणारी किल्ली) ऑटोइन्स्टॉलच्या फाइलमध्येच घालता येते, त्यामुळे मशीन उठलं की दार तुमच्यासाठी उघडंच. तुम्ही विचाराल की शेल स्क्रिप्ट आहे की माझ्याकडे, मग हे कशाला. स्क्रिप्ट म्हणते "ही ओळ फाइलच्या शेवटी लिही", तीन वेळा चालवली की ओळ तीनदा. अ‍ॅन्सिबलमध्ये आपण म्हणतो "ही ओळ फाइलमध्ये असली पाहिजे", असेल तर तो हात लावत नाही, नसेल तर लिहितो. प्लेबुक, म्हणजे अशा सूचनांची फाइल, लिहून झाली की लगेच दुसऱ्यांदा चालवायची, आणि शेवटी बदल शून्य आले तरच ती झाली म्हणायची. पहिल्यांदा मात्र लिमिट लावून एकाच मशीनवर, मग तिघांवर, मग सगळ्यांवर. मुद्दाम काही सांगितलं नाही तर तो एका वेळी पाचच मशीन घेतो, त्यामुळे चोवीस मशीनला वेळ लागतोय म्हणून घाबरू नका, तो आकडा वाढवता येतो.

कुबरनेटीस म्हणजे अनेक मशीनवर मिळून प्रोग्रॅम चालवणारी व्यवस्था. त्यासाठी ८ जीबीच्या मशीनवर के-थ्री-एस ही त्याची छोटी आवृत्ती बसवा, हलकं आहे आणि शिकवायला पुरेसं आहे. बसवण्याआधी कॉलेजच्या नेटवर्कचे पत्ते विचारून घ्या. के-थ्री-एस आतल्या पॉडना (क्लस्टरमध्ये चालणारे प्रोग्रॅमचे घटक) १०.४२.०.०/१६ आणि सर्व्हिसेसना (पॉडपर्यंत पोचायचे ठरलेले पत्ते) १०.४३.०.०/१६ घेतं, तुमच्या कॉलेजचं नेटवर्क योगायोगाने त्याच पट्ट्यात असेल तर पॉडमधून कॉलेजचा सर्व्हर कधीच सापडणार नाही, आणि एरर बघून हे कोणालाही सुचत नाही. क्यूबअ‍ॅडम या कुबरनेटीसच्या दुसऱ्या साधनाने बसवलंत तर सर्व्हिसेसचा पट्टा १०.९६.०.०/१२ असतो, म्हणजे १०.९६ पासून थेट १०.१११ पर्यंत, तिथे टक्कर व्हायची शक्यता आणखी जास्त.

प्रश्न: ताई, मी बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. नेटवर्किंगचा पेपर पास झाले, सात लेयर पाठ आहेत, सबनेट मास्कचं गणितही सोडवते, पण कोणी विचारलं की तुझ्या लॅपटॉपवरून गूगल उघडतं तेव्हा काय होतं तर मला सांगता येत नाही. नेमकं कुठून सुरू करू? घरी फक्त एक लॅपटॉप आहे, राउटर-स्विच विकत घेणं शक्य नाही. आणि सिस्कोचं सीसीएनए सर्टिफिकेट करू का?
– एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर: तुझं पत्र वाचून फार बरं वाटलं, कारण पास झाल्यावर "मला कळलं नाही" असं सांगणारे कमी असतात. सात लेयर थोडे दिवस बाजूला ठेव.

आधी पत्ता समजून घे. तुझ्या घरचा पिनकोड ४१५६१२ धर. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली, आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपलेच, संस्कृतचे मोठे कवी होते. दिल्लीत कोणी तुला पत्र टाकलं तर तिथल्या सॉर्टिंगवाल्याला पहिला ४ दिसला की पुरे, महाराष्ट्र-गोवा-मध्य प्रदेश-छत्तीसगडकडची थैली. पुढे ४१५ दिसलं की सातारा-रत्नागिरीकडची. शेवटचे तीन अंक फक्त जवळ आल्यावर लागतात, त्यावरून पोस्ट ऑफिस ठरतं. दिल्लीवाल्याला रत्नागिरीतली गल्ली माहीत असायची काही गरज नाही. राउटर हेच करतो, पत्त्याचा सुरुवातीचा भाग बघतो आणि थैली पुढे ढकलतो, आणि त्याच्या यादीतल्या दोन पाट्या पत्त्याशी जुळल्या तर जी जास्त लांब जुळते ती धरतो. आयपीमध्ये फरक एवढाच की तोडायची जागा ठरलेली नाही, ३२ बिटांपैकी किती बिट मोहल्ल्याचे आणि किती घराचे हे मास्क सांगतो. १९२.१६८.५०.७०/२६ घे. पहिले २६ बिट मोहल्ला, उरलेल्या ६ बिटांत ६४ पत्ते, म्हणजे हा मोहल्ला ६४ ते १२७ असा आहे. आता सांग, १९२.१६८.५०.१० शेजारी आहे का? नाही, दिसायला कितीही जवळ वाटला तरी तो ० ते ६३ च्या मोहल्ल्यात आहे.

हे कळलं की पुढचं आपोआप उलगडतं. तुझा लॅपटॉप कुठलंही पॅकेट पाठवताना पहिला प्रश्न हाच विचारतो, समोरचा माझ्या मोहल्ल्यात आहे का. असेल तर तो सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारतो, हा आयपी कोणाचा, आणि ज्याचा असेल तो आपला मॅक अ‍ॅड्रेस कळवतो, याचं नाव एआरपी. नसेल तर पॅकेट गेटवेच्या हातात. इथे एक गोष्ट नीट बघ, पाकिटावर आयपी शेवटच्या सर्व्हरचा असतो पण मॅक गेटवेचा असतो, आणि पुढे प्रत्येक टप्प्यावर मॅक बदलत जातो, आयपी तोच राहतो (नॅट आला की तो पण बदलतो, ते नंतर बघू). परीक्षेत हे दोन वेगळे धडे असतात म्हणून पोरांच्या डोक्यात जुळतच नाहीत.

मग डीएनएस, नावावरून पत्ता काढायचा. मग पोर्ट, एकाच घरात राहणारी वेगवेगळी माणसं, वेब ४४३ वर, एसएसएच २२ वर, डीएनएस ५३ वर. मग नॅट. १९९६ मध्ये १०, १७२.१६ आणि १९२.१६८ ने सुरू होणारे तीन पट्टे खाजगी वापरासाठी पक्के केले गेले, म्हणून तुझ्या घरी आणि माझ्या घरी एकच १९२.१६८.१.५ असू शकतो, बाहेर जाताना राउटर त्यावर आपला पत्ता चिकटवतो आणि कोणाचं उत्तर कोणाला द्यायचं ते वहीत मांडून ठेवतो.

आता प्रयोग. राउटर-स्विच विकत घ्यायची काहीच गरज नाही. लॅपटॉपवर लिनक्स टाक, व्हर्च्युअल मशीनमध्ये (लॅपटॉपच्या आत चालणारं सॉफ्टवेअरचं मशीन) चालेल. लिनक्समध्ये नेटवर्क नेमस्पेस म्हणून सोय आहे, एकाच मशीनच्या आत नेटवर्कपुरती वेगळी घरं करता येतात. दोन नेमस्पेस बनव, एक व्हीइथ जोडी घे, ती म्हणजे दोन टोकांची खोटी केबल, एक टोक या घरात एक त्या घरात, दोघांना एकाच मोहल्ल्याचे आयपी दे आणि पिंग कर, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का ते बघ. चाललं की त्यातल्या एकाचा आयपी वेगळ्या मोहल्ल्यातला कर आणि पिंग का बंद पडलं ते स्वतःला मोठ्याने समजावून सांग. मग तिसरी नेमस्पेस राउटर म्हणून मधे बसव, तिच्यात फॉरवर्डिंग (आलेलं पॅकेट पुढे पाठवणं) चालू कर, दोन्हीकडे गेटवे लिही. मग नॅट. दर वेळी बाजूच्या टर्मिनलवर टीसीपीडम्प, म्हणजे जाणारी-येणारी पॅकेट दाखवणारी कमांड, चालू ठेव, एआरपीची हाक आणि तिचं उत्तर डोळ्यांनी दिसायला पाहिजे. यात जेवढे दिवस जातील तेवढे जाऊ दे. आणि हे बघ, कुबरनेटीस प्रत्येक पॉडसाठी हेच करतं, नेमस्पेस आणि व्हीइथ, म्हणजे तू खालून वर जात त्याच ठिकाणी पोचणार आहेस.

सीसीएनए कर, पण हे झाल्यावर. अभ्यासक्रम चांगला आहे, २०२० पासून त्यात ऑटोमेशनलाही १० टक्के वाटा आहे. फी कमी नाही, त्यामुळे घरी पैसे मागण्याआधी वरचं सगळं कोणालाही न विचारता करता येतंय का ते बघ.

प्रश्न: एक व्हर्च्युअल मशीन अगदी मनासारखं तयार केलं, उबुंटू, सगळी पॅकेजेस, आणि त्याचे पाच क्लोन केले. मॅक अ‍ॅड्रेस वेगवेगळे आहेत हे तपासलं. तरी पाचही जणांना डीएचसीपीकडून एकच आयपी मिळतो. राउटर बदलून बघितला, तेच. डोकं बंद झालंय.
– एक वाचक, नाशिक

उत्तर: राउटरची चूक नाही. मॅक वेगळा म्हणजे मशीन वेगळं असं आपण धरून चालतो, पण उबुंटू सर्व्हर डीएचसीपीला स्वतःची ओळख मॅकवरून सांगत नाही, तो एक आयडी पाठवतो जो मशीन-आयडीवरून बनतो, आणि मशीन-आयडी ही इटीसी फोल्डरमधली एक छोटी फाइल आहे जी क्लोनबरोबर जशीच्या तशी गेली. सर्व्हरला वाटतं एकच माणूस पाचदा आलाय, तो प्रत्येक वेळी त्याचीच खोली देतो.

मूळ मशीन बंद करायच्या आधी ती फाइल रिकामी करा. डिलीट नका करू, फक्त आतला मजकूर पुसा, म्हणजे क्लोन पहिल्यांदा उठताना नवीन आयडी बनवेल. किंवा नेटप्लॅनमध्ये (उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगची जागा) डीएचसीपीची ओळख मॅकवरून दे असं सांगता येतं. एसएसएचच्या होस्ट की, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या किल्ल्यासुद्धा पाचांच्या सारख्या झाल्या असतील, त्या काढून प्रत्येकावर नव्याने बनवा, नाहीतर पाच सर्व्हरचं कुलूप एकच. तुमचं पत्र मुद्दाम छापलं कारण क्लोन हा सगळ्यात सोपा ऑटोमेशनचा प्रकार वाटतो, पण मशीनचं स्वतःचं असं जे असतं, ओळख, किल्ल्या, नाव, त्याचीही नक्कल होते. म्हणून मी क्लोनपेक्षा कोरं इन्स्टॉल आणि वर प्लेबुक, हाच रस्ता सांगते.

प्रश्न: ताई नमस्कार. आमच्या टीमने तीन नोडचा क्लस्टर टाकला, मधे व्हीएक्सलॅनचं नेटवर्क. एका नोडवरच्या पॉडमधून दुसऱ्या नोडवरच्या पॉडला पिंग जातं, लॉगिनचं पान उघडतं, पण मोठा रिपोर्ट मागितला की नुसतं फिरत राहतं आणि शेवटी टाइमआउट. अ‍ॅप्लिकेशनवाले म्हणतात नेटवर्क, नेटवर्कवाले म्हणतात पिंग जातंय ना मग अ‍ॅप्लिकेशन. चार दिवस झाले.
– एक वाचक, हिंजवडी, पुणे

उत्तर: छोटं जातं आणि मोठं अडकतं, हे ऐकलं की पहिला हात एमटीयूवर, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकारावर, टाकायचा. तुमचं पिंग लहान असतं, काही बाइटचं, म्हणून ते जातं, आणि त्यावरून रस्ता ठीक आहे असं कोणी म्हणू नये.

इथरनेटवर एका पॅकेटला १५०० बाइटची जागा. व्हीएक्सलॅन तुमचं अख्खं पॅकेट दुसऱ्या पाकिटात घालतं, त्या पाकिटाचंच वजन होतं ५० बाइट, आतला इथरनेट हेडर १४, व्हीएक्सलॅनचा ८, यूडीपीचा ८ आणि बाहेरच्या आयपीचा २०. म्हणजे पॉडला १४५० च वापरता येतात. पॉड जर १५०० ची पॅकेट भरून पाठवत असेल तर बाहेरचं पाकीट दारातून जात नाही. खरं तर वाटेतला राउटर उलट निरोप देतो, मोठं झालं, लहान करून पाठवा, पण तो निरोप आयसीएमपीचा (नेटवर्कमधल्या अडचणी कळवायची पद्धत) असतो आणि बऱ्याच ठिकाणी सुरक्षेच्या नावाखाली फायरवॉलमध्ये सगळं आयसीएमपी बंद करून ठेवतात. मग पाठवणाऱ्याला कळतच नाही, तो तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. तुमचं फिरणारं चक्र ते हेच.

खात्री करायला एका नोडवरून दुसऱ्या नोडला पिंग करा, तुकडे करू नको असा पर्याय देऊन आणि आकार १४७२ ठेवून, त्यात २८ बाइटचे हेडर मिळून बरोबर १५०० होतात. मग तेच पॉडमधून पॉडला, आधी १४७२ आणि मग १४२२. मोठं अडकलं आणि १४२२ गेलं की निदान पक्कं. उपाय म्हणजे पॉडच्या नेटवर्कचा एमटीयू १४५० करा. नोड आधीच व्हीपीएनमधून जात असतील तर आणखी कमी, वायरगार्ड हा व्हीपीएन सहसा १४२० धरतो, त्यातून पुन्हा व्हीएक्सलॅनचे ५० वजा करायचे. आणि फायरवॉलवाल्यांना तो लहान-करून-पाठवा निरोप तरी सोडायला सांगा. एमटीयूचा आकडा क्लस्टरच्या प्लेबुकमध्ये व्हेरिएबल म्हणून लिहा आणि शेजारी तो का आहे याची एक ओळ लिहा, नाहीतर पुढच्या वर्षी कोणी नवीन मुलगा येऊन "हा १४५० कशाला" म्हणून पुन्हा १५०० करेल. आणि दोन्ही टीमनी एकाच टेबलावर बसून टीसीपीडम्प बघा, दहा मिनिटांत भांडण मिटतं.

प्रश्न: कुबरनेटीसचे मास्टर तीन ठेवायचे का चार? चार जास्त सुरक्षित ना?
– एक वाचक, पणजी

उत्तर: तीन. मास्टर म्हणजे क्लस्टर चालवणारी मशीन, आणि त्यांच्या आतला इटीसीडी, म्हणजे क्लस्टरची माहिती ठेवणारा डेटाबेस, बहुमताने चालतो. तिघांत बहुमत दोन, म्हणजे एक पडला तरी चालतं. चौघांत बहुमत तीन, म्हणजे तिथेही एकच पडलेला चालतो, फायदा शून्य आणि मशीन एक जास्त. दोन पडलेले झेपायला हवेत तर सरळ पाच.

प्रश्न: मॅडम, मी ४३ वर्षांचा आहे. वीस वर्षं केबलिंग करतो, ऑफिसांत आयओ पंच करणं (भिंतीवरच्या नेटवर्क जॅकमध्ये तारा बसवणं), रॅक बांधणं, सीसीटीव्ही. आता सगळे म्हणतात क्लाउड आला, ऑटोमेशन आलं, तुमचं काम संपलं. इंग्रजी कच्चं आहे. मला हे शिकता येईल का, का उगाच वेळ घालवू नको?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: दादा, येईल. मी हे धीर द्यायला म्हणत नाहीये, कारण सांगते.

वरच्या सगळ्या पत्रांत सॉफ्टवेअर आहे, पण त्यातलं प्रत्येक पॅकेट शेवटी तुमच्यासारख्या कोणीतरी पंच केलेल्या तारेतून जातं. क्लाउड म्हणजे सुद्धा कुठेतरी रॅक, स्विच आणि केबलच, आणि मुंबई-नवी मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये ती कामं माणसंच करतात. तुम्हाला पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा हा क्रम झोपेत येतो, तांब्याची केबल १०० मीटरच्या पुढे ओढायची नाही हे तुम्हाला सांगावं लागत नाही. नुसतं लॅपटॉपवर शिकलेल्या पोरांना हे शिकायला वर्षं लागतात, कारण ते बघायला मिळतच नाही.

एक उदाहरण घ्या, तुमच्याच कामातलं. केबलमध्ये चार जोड्या. १०० मेगाबिटला त्यातल्या दोनच लागतात, गिगाबिटला चारही. त्या दोन सोडून उरलेल्यांपैकी एखादी जोडी पंच करताना नीट बसली नाही तर सहसा लिंक बंद पडत नाही, दिवा लागतो, नेट चालतं, फक्त वेग गुपचूप १०० वर येतो. ऑफिसवाले "नेट स्लो आहे" म्हणत राहतात आणि कोणाला कारण सापडत नाही. तुम्ही ऐकता क्षणी ओळखाल की जोडी सुटली. आता लिनक्समध्ये इथटूल नावाची कमांड आहे, ती कार्डाचा चालू वेग सांगते. पन्नास मशीन असतील तर पन्नास ठिकाणी जाऊन बघण्याऐवजी अ‍ॅन्सिबलने एका जागी बसून पन्नासही विचारता येतात.

इंग्रजीचं म्हणाल तर रोज लागणारे शब्द शे-दोनशेच्या वर नाहीत, आणि एरर त्याच त्याच येतात, वहीत लिहून शेजारी मराठीत अर्थ लिहा, दोन महिन्यांत वही उघडावी लागणार नाही. जुना एक पीसी घ्या, उबुंटू टाका, आधी फाइल उघडणं-बंद करणं, मग एसएसएचने दुसऱ्या मशीनवर जाणं, मग वर रत्नागिरीच्या मुलीला सांगितलेले नेमस्पेसचे प्रयोग. अ‍ॅन्सिबलच्या फाइलमध्ये ओळी किती आत सरकवल्या याला महत्त्व असतं, टॅब नाही, फक्त स्पेस, सुरुवातीला सगळ्यांचं तिथेच चुकतं.

आणि पहिली प्लेबुक दुसऱ्या कोणाची उतरवू नका, हीच लिहा. मशीनची यादी, प्रत्येकाच्या कार्डाचा वेग वाचायचा, आणि १००० नसेल त्याचं नाव छापायचं. ओळखीच्या एखाद्या ऑफिसात जिथे लिनक्सची मशीन आहेत तिथे परवानगी घेऊन चालवा. ज्या नावांसमोर १०० येईल तिथे पंचिंग टूल घेऊन जा, जॅक उघडा, जोडी परत बसवा आणि परत चालवा.